छातीवर ‘शिकाऊ’ लिहिलेलं असताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा राहायला आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. रात्री जेवणं आटोपली की तो लॅपटॉप उघडून बसायचा आणि बंद दाराआडून त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं. ‘‘अरे, आधी रक्त थांबव, रक्त थांबव!’’ तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या बाईच्या कानावर हे वाक्य पडलं, तर ती दार ढकलून आत जाणारच.

पडद्यावर एक अंतराळस्थानक होतं. वाड्याचं छप्पर काढून वरून पाहावं तसं दिसणारं. खोल्या, बोळ, दारं, आणि त्यांतून लगबगीने फिरणारी छोटी छोटी माणसं. एका खोलीत पाच-सहा खाटा, भिंतीला कपाटं आणि जमिनीवर रक्ताचे डाग. एका खाटेवर कुणीतरी पडलेलं होतं आणि भाच्याचं पात्र त्याच्या जखमेवर गॉज बांधत होतं. ‘‘मावशी, हा कुणीतरी खरा माणूस आहे बरं का,’’ तो म्हणाला. ‘‘कुठल्या देशात बसलाय माहीत नाही. पण हा मेला, तर त्याची आजची शिफ्ट संपली.’’

खेळाचं नाव ‘स्पेस स्टेशन १४’. त्याचा पूर्वज ‘स्पेस स्टेशन १३’. तो २००३ साली एका टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रॅमरने ‘बायॉन्ड’ नावाच्या व्यवस्थेवर तयार केला. सुरुवात झाली ती बंद खोलीतली हवा आणि वायू कसे वागतात, हे संगणकावर बसवून पाहण्यातून. त्या हवेभोवती स्थानक उभं राहिलं, स्थानकात माणसं आली, आणि माणसं आली तशी कामं आली. ‘१४’ ही त्याचीच नव्याने लिहिलेली आवृत्ती. ती स्वयंसेवकांनी उभारली आहे, तिचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि खेळायला पैसे लागत नाहीत.

प्रत्येक खेळाला शिफ्ट म्हणतात आणि ती साधारण तास-दोन तास चालते. कॅप्टन, स्वयंपाकी, सफाई कामगार, इंजिनिअर, सुरक्षारक्षक, धर्मगुरू, शास्त्रज्ञ, डॉक्टर अशी एकेक जागा एकेका जिवंत माणसाने घ्यायची आणि त्या पात्राला जेवढं ठाऊक असेल तेवढंच ठाऊक आहे असं धरून वागायचं. यातल्या काहींना गुपचूप घातपात करण्याचं काम दिलेलं असतं. कोण ते कुणालाच माहीत नसतं. मग कुठे स्फोट होतो, कुठे हवा निसटते, कुठे कुणी कुणाला भोसकतं. काहीही झालं तरी शेवटी सगळे येऊन पडतात ते वैद्यकीय विभागाच्या दारात.

या विभागात डॉक्टर, केमिस्ट, पॅरामेडिक आणि वर मुख्य वैद्यकीय अधिकारी अशी उतरंड आहे. तिच्या अगदी तळाशी एक जागा आहे : मेडिकल इंटर्न.

ती जागा पाहिली आणि मी खुर्ची ओढून बसले. खेळाने नवख्यासाठी वेगळं पद ठेवलं आहे. इंजिनिअरिंगमध्ये, संशोधनात आणि सुरक्षा विभागातही शिकाऊ पदं आहेत. वैद्यकीय इंटर्नचं ओळखपत्र विभागाच्या दाराला चालतं, केमिस्ट्रीच्या दाराला चालत नाही. त्याच्या नावापुढे सगळ्यांना दिसेल असं ‘इंटर्न’ लिहिलेलं असतं. तो कुणाच्या हाताखाली आहे तेही सांगितलेलं असतं. आणि विभागात ठरावीक तास भरले की ही जागा त्या खेळाडूला मिळेनाशी होते. आता तू शिकलास, पुढच्याला जागा दे. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटली.

‘‘तू घे ना इंटर्न,’’ भाचा म्हणाला. ‘‘तू तर खरी डॉक्टर आहेस, तुला काय अवघड!’’

अवघड गेलं. माझं तीस वर्षांचं औषधांचं ज्ञान त्या दारातच थांबलं, कारण कपाटातली निम्मी औषधं या जगात नाहीतच. बायकॅरिडिन, इनाप्रोव्हॅलिन, हायरोनॅलिन, डायलोव्हीन ही नावं ‘स्टार ट्रेक’ मालिकांमधून उचललेली आहेत. बायकॅरिडिन मार लागलेल्यासाठी, डायलोव्हीन विषबाधेसाठी, डर्मालिन भाजलेल्यासाठी, डेक्सॅलिन श्वास कोंडलेल्यासाठी. शरीराला झालेली इजा आकड्यांत मोजतात. सगळी मिळून शंभर झाली की माणूस कोसळतो, दोनशेला मरतो. हातात एक यंत्र असतं. ते रोग्यावर धरलं की मार किती, भाजणं किती, श्वासाची कमतरता किती, विष किती, हे वेगवेगळं दिसतं.

पहिल्याच शिफ्टमध्ये दोघांनी एका इंजिनिअरला ओढत आणलं आणि खाटेजवळ सोडून दोघेही निघून गेले. यंत्रावर मार साठाच्या पुढे, भाजणं वीसच्या आसपास आणि रक्तस्राव चालू. मी बायकॅरिडिन शोधायला कपाटाकडे वळले. शेजारच्या खाटेवर काम करणाऱ्या डॉक्टरने माझ्या नावापुढचा ‘इंटर्न’ पाहिला असावा. त्याने टाइप केलं : आधी गॉज. औषध नंतर. रक्त वाहत राहिलं तर तू आकडा खाली आणशील आणि तो परत वर चढेल.

मी गॉज बांधलं. त्याने पुढे लिहिलं : आता त्याच्याशी बोल. शुद्धीवर आहे. आधी कुणी काही टोचलंय का ते विचार.

मी विचारलं. बोळातच पॅरामेडिकने एक इंजेक्शन दिलं होतं. तेही बायकॅरिडिनच. या औषधाची मर्यादा पंधरा युनिट. त्याच्या पुढे तेच औषध विषासारखं वागू लागतं. मी भरलेली सिरिंज पूर्ण दिली असती, तर तो इंजिनिअर आला होता त्यापेक्षा जास्त आजारी झाला असता आणि मला कारणही कळलं नसतं. डॉक्टरने लिहिलं : पाच दे, थांब, परत बघ. मी पाच दिलं, थांबले, परत पाहिलं.

हे लिहिताना मला एक जुनी रात्र सांगावीच लागेल. कारण त्या तीन शब्दांपाशी, ‘थांब, परत बघ’पाशी, माझा हात कीबोर्डवर थबकला होता.

मी इंटर्न होते त्या काळी इंटर्नला वॉर्ड कुणी दाखवत नसे. पहिल्या दिवशी हातात सॅम्पलचा ट्रे यायचा आणि लॅब कुठे आहे ते वॉर्डातल्या मामांना विचारायचं. रक्त काढणं, व्हेनफ्लॉन लावणं, रक्तपेढीत पळणं, केसपेपरवर नोंदी करणं. हे सगळं बघून बघून शिकायचं. न येणाऱ्या गोष्टीबद्दल हाऊसमनला, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला, विचारलं, तर उत्तराआधी एक नजर मिळायची. ती नजर चुकवायला आम्ही काहीही करायचो.

मेडिसिनचं पोस्टिंग होतं. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपवले होते. रात्री दोनच्या सुमाराला हाऊसमन जाता जाता म्हणाला, ‘‘बारा नंबरला केसीएल दे,’’ आणि कॅज्युअल्टीकडे पळाला. केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियम कमी झालं की ते द्यावं लागतं, हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. ते द्यायचं कसं, हे हातांना माहीत नव्हतं. मी दहा मिलीची अँप्यूल फोडली, सिरिंजमध्ये ओढून घेतली आणि बारा नंबरच्या सलाइनच्या नळीशी, जिथे इंजेक्शन देतात तिथे, सुई टेकवली.

मागून माझं मनगट कुणीतरी धरलं. रात्रपाळीच्या सिस्टर होत्या. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, हे डायरेक्ट नसतं द्यायचं. बाटलीत घालायचं, सावकाश सोडायचं.’’

ते दहा मिली तसंच शिरेत ढकललं असतं, तर त्या माणसाचं हृदय काही क्षणांत थांबलं असतं. वापरण्यापूर्वी पातळ करा, हे त्या अँप्यूलवर छापलेलं होतं. पिवळ्या बल्बच्या उजेडात मी ते वाचलं नव्हतं. बारा नंबर तीन दिवसांनी चालत घरी गेला. त्याचं नाव मला आजही आठवतं आणि ते मी इथे लिहिणार नाही.

त्या रात्री मला कळत नव्हतं असं नाही. मला शंका आली होती. अँप्यूल फोडताना मी क्षणभर थांबलेही होते. पण विचारायला कुणी नव्हतं, आणि सिस्टरांना विचारायचं तर ‘डॉक्टर असून एवढंही येत नाही’ हे उघडं पडलं असतं. या लेखात मला जे सांगायचं आहे, ते एवढंच आहे. शिकाऊ माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांचा मोठा वाटा अज्ञानातून येत नाही. अज्ञान लपवावं लागतं, त्यातून येतो. त्या खेळात अज्ञान लपवावं लागत नाही. ते छातीवर लिहिलेलं असतं आणि तेच पाहून शेजारचा माणूस आपलं काम बाजूला ठेवून सांगतो : आधी गॉज.

तिसऱ्या की चौथ्या शिफ्टला व्हॉक्स आला. व्हॉक्स ही खेळातली पक्ष्यासारख्या दिसणाऱ्यांची एक जमात. बोळात कोसळलेला, श्वासाचा आकडा चढत चाललेला. माझ्या अंगातली सगळी जुनी सवय एकदम जागी झाली. श्वास जातोय म्हणजे ऑक्सिजन. वायुमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम पीटर सफार यांनी १९५०च्या दशकात रुजवला आणि आम्ही तो पाठ केलेला. मी ऑक्सिजनची टाकी उचलली.

रेडिओवर मी लिहिलं : व्हॉक्स, श्वास लागलाय, ऑक्सिजन लावतेय.

दोन ठिकाणांहून एकदम उत्तर आलं : नको! व्हॉक्सला नायट्रोजन लागतो. ऑक्सिजन त्याला विष आहे. त्याच्या पाठीवरची टाकी बघ, रिकामी झाली असेल.

खरंच रिकामी होती. आता हा रुग्ण खरा नाही, ही जमात खरी नाही, हे सगळं मान्य. पण यातली क्रिया खरी आहे. मी काय करणार आहे ते करण्याआधी मोठ्याने सांगितलं, म्हणून अडवायला दोन माणसं मिळाली. ऑपरेशन थिएटरमध्ये आता चीर घेण्याआधी सगळं पथक थांबून रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी २००८ साली आली, ती याचसाठी. मोठ्याने म्हटलेली चूक पकडता येते. मनातली येत नाही.

वैद्यकशास्त्राने खेळण्याकडून शिकण्याची ही काही पहिली वेळ नाही. छाती दाबायला आणि तोंडाने श्वास द्यायला जिच्यावर शिकवतात, ती ‘रिससी ॲन’ नावाची बाहुली आपल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. ती १९६० साली बाहेर आणणारे ऑस्मंड लेर्डाल हे नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचे खेळणी बनवणारे गृहस्थ. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणि छोट्या मोटारी हा त्यांचा धंदा. त्यांचा स्वतःचा मुलगा बुडता बुडता वाचला होता, त्यामुळे डॉक्टरांनी बाहुलीची कल्पना मांडली तेव्हा त्यांनी ती मनावर घेतली. बाहुलीला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्याचा.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६३ साली, कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने आणखी धाडसी पाऊल उचललं. चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला त्यांनी रोग्याचं सोंग शिकवलं. पाय लुळे पडलेली ‘पॅटी डगर’ नावाची बाई. विद्यार्थी तिला तपासत, प्रश्न विचारत, आणि ते कसे वागले याची नोंद ती नंतर स्वतः करत असे. इतर शिक्षकांनी सुरुवातीला याला नाटकं म्हणून नाकं मुरडली. पुढे त्याच वाटेने रोग्याचं काम करणारी प्रशिक्षित माणसं जगभरच्या वैद्यकीय शिक्षणाचा भाग झाली. डंडी विद्यापीठातल्या रोनल्ड हार्डेन यांनी १९७५ साली मांडलेल्या ‘ऑस्की’ परीक्षेत विद्यार्थी घंटा वाजली की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, आणि त्यातल्या काही टेबलांपाशी अशीच माणसं बसलेली असतात.

आपल्याकडेही हे आलं आहे. २०१९पासून देशभर लागू झालेल्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा वेगळा भाग आहे, आणि त्यात भूमिका करून शिकणं अपेक्षित आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालच्या महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. मी आठवड्यातून दोन दिवस एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला जाते. तिथे अशा एका तासाला मी बसले होते. एक मुलगी रोग्याची आई झाली होती, एक मुलगा डॉक्टर. त्याने वाईट बातमी सांगायची होती. तो उभा राहूनच बोलत होता. मुलगी म्हणाली, ‘‘डॉक्टर, तुम्ही बसाल का जरा?’’ हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिच्या आजोबांच्या वेळी कुणीच बसलं नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं. तो बसला, आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. पुस्तकातल्या दहा मुद्द्यांनी जे झालं नसतं, ते एका खुर्चीने झालं.

पण हा तास आठवड्याच्या वेळापत्रकातला एक तास असतो. इंटर्नशिपचं वर्ष आलं की चित्र पालटतं. बारा महिन्यांची सक्तीची फिरती पोस्टिंग्ज, आणि डोक्यावर पीजीची प्रवेशपरीक्षा. कितीतरी मुलं वॉर्डात उभी असतात आणि मनाने प्रश्नसंचात. मी त्यांना दोष देणार नाही. आम्ही त्यांना वर्षभर सॅम्पल पळवायला लावतो, मग त्यांनी अभ्यास केला तर नवल काय? त्या खेळातल्या इंटर्नला कामं कमी आहेत, पण त्याच्या प्रत्येक कामाकडे बघणारं कुणीतरी आहे. आपल्या इंटर्नला कामं भरपूर आहेत आणि बघणारं कुणी नाही.

खेळाने वैद्यक शिकवलं असं मात्र मी म्हणणार नाही, आणि वाचणाऱ्या मुलांनी तसं समजू नये. काही गोष्टी तर उलट आहेत. खेळात मेलेल्या माणसाची इजा टाके घालून, पट्ट्या बांधून दोनशेच्या खाली आणली की डिफिब्रिलेटरचा झटका देऊन त्याला परत आणता येतं. खऱ्या रुग्णाच्या हृदयाची रेघ सपाट झाली असेल, तर झटक्याचा उपयोग नसतो. झटका लागतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असताना. सपाट रेघेला छाती दाबणं आणि ॲड्रेनलिन. खेळात मेलेल्याच्या अंगात औषध काम करत नाही, हे त्यांनी बरोबर धरलं आहे. पण तिथला रोगी पुढच्या शिफ्टला नवं नाव घेऊन हसत येतो. आपल्या वॉर्डात खाट रिकामी होते, मावशी गादी उलटी करतात आणि नातेवाईक जिन्यावर बसलेले असतात.

म्हणून तर त्या खेळात चुका करून घेता येतात. जिथे चुकीची किंमत एक शिफ्ट आहे, तिथे विचारायची सवय लावून घेता येते. मला ती तीस वर्षं आधी लागायला हवी होती.

माझे इंटर्नचे तास भरायला थोडेच उरले आहेत. गेल्या आठवड्यात एक अगदी नवखा इंटर्न आला. जखमी माणूस समोर टाकून तो कपाटात औषध शोधत होता. मी टाइप केलं : आधी गॉज.

खऱ्या वॉर्डातही मी एक बदल केला आहे. आमच्या महाविद्यालयात इंटर्नची नवी तुकडी आली की पहिल्या सकाळी मी प्रत्येकाच्या हातात केसीएलची अँप्यूल देते आणि तिच्यावरचं बारीक छापलेलं मोठ्याने वाचायला लावते. मग त्यांना वॉर्ड दाखवते : लॅब कुठे, रक्तपेढी कुठे, रात्रपाळीच्या सिस्टर कोण. त्यांच्यासमोरच सिस्टरांना सांगते, हे शिकाऊ आहेत, यांना अडवायचा अधिकार तुम्हाला आहे. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागतात.

माझ्या पिढीचे जे डॉक्टर हा अंक वाचत असतील आणि ज्यांच्या हाताखाली यंदा इंटर्न आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. रात्री दोन वाजता एखादा इंटर्न तुम्हाला ‘‘सर, हे डायरेक्ट द्यायचं की बाटलीतून?’’ असं विचारेल. त्याच्याकडे बघू नका, अँप्यूलकडे बघा, आणि उत्तर द्या.